जळत्या शेतात शिरलेला माझा भाऊ

रिसेप्शनवरच्या मुलीनं वर्गाचं दार ढकललं आणि म्हणाली, "मॅडम, नीचे आपके पापाजी आए हैं." मला आधी वाटलं, तिची काहीतरी गफलत झाली असेल. मी भंवरकुआंला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. इतक्या वर्षांत बाबा तिथे एकदाही आले नव्हते. आमचं घर परदेशीपुऱ्यात, म्हणजे इंदूरच्या पार दुसऱ्या टोकाला. एप्रिल होता, भर दुपार होती आणि बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती.

मी मार्कर टेबलावर टाकला आणि जिन्यानं खाली धावले.

ते फाटकाशी उभे होते. डोक्याला ओला पंचा, पायात घरातली स्लिपर. बॅच सुटल्यामुळे मुलामुलींचा लोंढा त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहत होता आणि ते फोन छातीशी धरून मध्येच उभे होते. मला बघितल्यावर पहिलं वाक्य आलं ते रागाचं.

"तू फोन का नाही उचलत?"

"क्लासमध्ये फोन ठेवता येत नाही, बाबा. काय झालं?"

"त्याच्या तिकडून कोणी बाईचा फोन आला. इंग्रजीत बोलत होती, घाईघाईत. मला ॲक्सिडेंट कळलं. फील्ड कळलं. युअर सन कळलं. मी विचारलं, अलाइव? अलाइव? तर लाइनच कट झाली." त्यांनी ओठ पुसले. "माझ्या फोनवरून तिकडे लागत नाही. तू लाव."

ई-रिक्षावाला अजून तिथेच होता. मला म्हणाला, "दीदी, बाऊजी को पहले छाया में बिठाओ. पूरे रास्ते कुछ नहीं बोले." पैसे द्यायचं बाबांच्या लक्षातच नव्हतं. मी दिले आणि त्यांना धरून वर घेऊन गेले.

माझा धाकटा भाऊ लाओसला असतो. फौजेत इंजिनियर होता, कॅप्टन होऊन बाहेर पडला, आणि मग जमिनीत पुरलेले बॉम्ब शोधून निकामी करणाऱ्या एका संस्थेत लागला. लाओस म्हणजे व्हिएतनामला खेटून असलेला डोंगराळ देश. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं तेव्हा लाओसच्या जंगलातही कम्युनिस्ट गनिमांच्या टोळ्या होत्या, आणि व्हिएतनामला जाणारी रसदेची वाट त्याच जंगलातून जात होती. त्यांना मोडून काढायला अमेरिकेनं त्या देशावर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले, आणि तेही गुपचूप, जगाला न सांगता. मोठा बॉम्ब हवेतच उघडायचा आणि त्यातून चेंडूएवढे शेकडो छोटे बॉम्ब खाली विखुरायचे. तिथले लोक त्यांना बॉम्बी म्हणतात. त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत. ते भाताच्या खाचरांत, शाळेच्या अंगणांत, बांबूच्या मुळांत तसेच पडून राहिले. माझा भाऊ आणि त्याची टीम मशीन घेऊन, दोऱ्या बांधून, वीत वीत जमीन तपासत जायची.

"हमारा काम एकदम बोअर है, ताई," तो मला सांगायचा. "बोअर माणसंच इथे टिकतात. ज्याला हिरो बनायचंय तो मरतो आणि दुसऱ्याला घेऊन मरतो."

बाबांचं आणि व्हिएतनामचं नातं जुनं होतं. आमच्याकडे चार पिढ्या होळकरांच्या फौजेत गेल्या. बाबा मात्र कापडाच्या गिरणीत लागले आणि लाल झेंड्याखाली गेले. विशी-बाविशीत ते गिरणीकामगारांच्या मोर्च्यांतून राजवाड्यापर्यंत चालत जायचे, अमेरिकेविरुद्ध घोषणा देत. व्हिएतनाममधल्या गावांची नावं त्यांना रेडिओवरून पाठ झाली होती. कुठलं गाव उत्तरेला, कुठलं दक्षिणेला, हे ते अजूनही न अडखळता सांगतात. गिरणी बंद पडली, झेंडा धरणारे एकेक करून गेले, पण ती नावं त्यांच्या डोक्यात राहिली.

मुलगा फौजेत गेला ते त्यांना रुचलं नव्हतं. पण तो बॉम्ब काढायला लाओसला चाललाय म्हटल्यावर ते खूष झाले. चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगत सुटले. मग लाओसबद्दल शोधून वाचायला लागले आणि एक दिवस मला म्हणाले, "बेटा, आम्ही इथे गळा फाडून ओरडत होतो, आणि बाजूच्या देशात हे चाललं होतं, त्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. एका मोर्च्यातसुद्धा लाओसचं नाव नव्हतं." त्यांच्या आवाजात लाज होती. जणू त्या वेळी ते कामावर गैरहजर राहिले होते.

ठिणगी पडली ती या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीत. भाऊ सुट्टीवर आला होता. फराळ करता करता बाबांनी सहज विचारलं, "तुमच्या संस्थेला पैसा कोण देतं?"

"बऱ्याच देशांचा येतो. सगळ्यात जास्त अमेरिकेचा."

बाबांनी हातातली चकली ताटात ठेवली. "ज्यांनी टाकले, तेच?"

"हो, तेच."

"म्हणजे त्यांनी लोकांची शेतं सडवायची, आणि आता थोडा पैसा फेकून साधू बनायचं? आणि तू त्यांचा नोकर?"

"बाबा, बॉम्ब कोणाच्या पैशानं निघाला, हे तिथल्या शेतातली बाई विचारत नाही. तिला नांगरायचं असतं."

"ती नाही विचारणार. तू विचारायला पाहिजे होतंस."

भाऊही तापला. म्हणाला, "तुम्ही घोषणा दिल्या, बाबा. त्यानं एक तरी बॉम्ब कमी पडला?"

तो परत गेला त्या दिवशी बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. पुढे त्याचा फोन माझ्याकडे यायचा, मी खुशाली सांगायची, आणि बाबा पेपरमागून ऐकायचे. आणि तरी, काही बरंवाईट झालं तर कळवायला त्यानं संस्थेला नंबर बाबांचाच देऊन ठेवला होता.

स्टाफरूममध्ये मी त्यांना पंख्याखाली बसवलं. पाण्यात ग्लुकोज घालून दिलं. भावाचा नंबर लावला. रेकॉर्डवरची एक बाई अगम्य भाषेत काहीतरी म्हणाली, मग इंग्रजीत म्हणाली की फोन बंद आहे. बाबांना ज्या नंबरवरून फोन आला होता तो एंगेज येत होता. त्यानंच शिकवून तयार केलेली एक लाओ बाई आता त्याच्या टीमची प्रमुख होती, तिचा नंबर माझ्याकडे होता. व्हिडिओ कॉलवर भावाच्या मागून ती हात हलवायची. तिची आई लहानपणी बॉम्बच्या भीतीनं डोंगराच्या गुहेत राहिली होती, ती माणसं अंधार पडल्यावर भात लावायला बाहेर पडायची, हे मला भावानंच सांगितलं होतं. मी तिला मेसेज टाकला. एकच टिक आली. मी फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं त्या टिककडे बघत बसलो.

"घरी जाऊया का, बाबा? तुमची गोळी..."

"नको. रस्त्यात नेटवर्क गेलं तर? इथेच बस."

बाजूच्या वर्गात फिजिक्सचे सर शिकवत होते. मुलं हसली. बाबांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, जणू त्या हसण्याचं कारण तिथे लिहिलेलं होतं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "अलाइव विचारलं तेव्हा ती थांबली होती. कटायच्या आधी थांबली होती, बेटा."

"लाइन खराब असेल."

"हो. लाइन खराब असेल." थोड्या वेळानं पुन्हा, "पण थांबली होती."

मी फोनवर बातम्या शोधल्या. लाओसची जी ताजी बातमी होती ती कुठल्या तरी धरणाची. अशा वेळी मनात जे येतं ते सांगायची लाज वाटते, पण आलं ते असं: विमानतळावरून त्याला कशात आणतील? बाबांना खांदा देता येईल का? मी स्वतःवरच इतकी चिडले की उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली पोह्यांच्या ठेल्यावर मुलं पेपरच्या मार्कांवरून भांडत होती.

फोन वाजला तेव्हा मी खिडकीशी होते आणि तो बाबांनी उचलला. उचलला आणि लगेच माझ्याकडे धरला, कानाला न लावता. "तू ऐक," म्हणाले. "मी नाही ऐकत."

ती लाओ बाईच होती. तिचं इंग्रजी साधं, तुटक. तिनं आधी तेच सांगितलं जे आधी सांगायला हवं होतं. तो जिवंत आहे. मी बाबांकडे बघून जोरात म्हटलं, "जिवंत आहे." त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवलं. आणि माझा हात धरून ठेवला. बाकीचं मी ऐकत गेले आणि मराठीत सांगत गेले.

त्याच्या मांडीत आणि चेहऱ्यात तुकडे घुसले होते. त्याला नदीपलीकडे थायलंडच्या दवाखान्यात नेत होते. डावा डोळा वाचेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

"विचार तिला," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "बॉम्ब काढताना झालं का? त्याच्या हातून चूक झाली का?"

मी विचारलं. मग ती सांगायला लागली. बॉम्ब काढताना नव्हतं झालं. टीम जेवायला बसली होती. बाजूच्या उतारावर, जिथे अजून तपासणी व्हायची होती, एका शेतकऱ्यानं पेरणीआधी शेत जाळायला घेतलं होतं. तिथे सगळे असंच करतात. जमिनीतला एक बॉम्बी त्या आगीनं तापला आणि फुटला. तो माणूस जागच्या जागी गेला. त्याची बायको आत पडून ओरडत होती. नियम स्पष्ट होता: तपासणी न झालेल्या जमिनीत, त्यातून पेटलेल्या, कोणी पाऊल टाकायचं नाही. बाहेरून वाट मोकळी करत जायचं, कितीही वेळ लागो. माझा भाऊ उठला आणि सरळ आत पळाला. ती मागून ओरडली, थांब. तो थांबला नाही. त्यानं त्या बाईला उचललं, निम्म्या वाटेपर्यंत आणलं, आणि मागे दुसरा फुटला.

"बाई वाचली आहे," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मला त्याचा खूप राग आला आहे. त्याला सांगा, मला खूप राग आला आहे." आणि ती रडायला लागली.

बाबांना तिकडे जायचं होतं. पासपोर्ट नव्हता आणि बीपी त्या आठवड्यात काही केल्या उतरत नव्हतं. त्यांना एकटं टाकून मी जाऊ शकत नव्हते. ऑपरेशननंतर भावाचा पहिला फोन आला तेव्हा तो मला फारसं काही बोलला नाही. "ताई, बाबांना दे ना," इतकंच.

मी स्पीकर लावला. कितीतरी महिन्यांनी ते दोघं बोलत होते.

"दिसतं का?" बाबांनी विचारलं.

"एका डोळ्यानं दिसतं. दुसरा काढला."

बाबांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता ते रडतील, किंवा फोन मला देतील. पण ते म्हणाले, "आणि ती बाई?"

"आहे. याच दवाखान्यात. पाय गेला तिचा. शुद्धीवर आहे."

"बरं," बाबा म्हणाले. "बरं."

तो इंदूरला आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. काळी पट्टी, लंगडती चाल, आणि एक नवीच सवय: डावीकडून कोणी बोललं की सबंध अंग वळवून बघायचा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. पहिल्या दिवशी त्यानं चहा ओतला तो कपाच्या बाजूला, ओट्यावर. मी फडकं घेऊन पुढे झाले तर म्हणाला, "राहू दे. मला शिकू दे." दाराची चौकट त्याच्या डाव्या खांद्याला रोज लागायची. मी आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पण घरात निवांतपणा आला नाही. तो आणि बाबा एकमेकांशी नको तितक्या सांभाळून बोलत होते. तिकडे चौकशी झाली होती. नियम मोडला म्हणून त्याला पुन्हा बॉम्बच्या कामावर पाठवणार नव्हते. गावोगाव फिरून लोकांना धोका समजावून सांगायचं काम देऊ केलं होतं. शेजारीपाजारी येऊन त्याला शूर म्हणून जायचे, आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आणखी आवळला जायचा.

एका रविवारी सकाळी पोहे खाताना बाबांनी शेवटी विषय काढला.

"फौजेत काय शिकवलं तुला? नियम म्हणजे नियम. बोअर माणसं टिकतात, हे तुझंच ना? मग का गेलास?"

"ती ओरडत होती, बाबा."

"ओरडणारच. पण तुझ्यामागे ती तुझी टीमवाली आत आली असती तर? तिची पोरं आहेत."

मी म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना आता."

"नाही ताई, बोलू दे," भाऊ म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला. "तिचाही हाच राग आहे. माझ्याशी बोलत नाही ती. दवाखान्यात आली, पायाशी उभी राहिली, गेली. मी तिला पाच वर्षं नियम शिकवले आणि तिच्यासमोर मोडला. चूक झाली. सगळे शूर शूर म्हणतात तेव्हा मला उलटी येते. पण तुम्ही मला विचाराल, पुन्हा तसं झालं तर थांबशील का... तर मला नाही सांगता येणार. सच में नाही सांगता येणार."

त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. पट्टीखालीही ओल आली होती; तिकडूनही पाणी येतं, हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

बाबांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "दिवाळीत मी तुला त्यांचा नोकर म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"ते पैशाचं मी आजही म्हणेन. पण तू आत गेलास तो कोणाचा नोकर म्हणून नाही गेलास, इतकं मला कळतं." असं म्हणून त्यांनी आपल्या प्लेटमधली शेव त्याच्या पोह्यांवर पालथी केली आणि उठून हात धुवायला गेले.

नंतर तो लाओसबद्दल बोलायला लागला, बाबा विचारतील तसा. बाबांनी एकदा विचारलं, "लोकांना माहीत नसतं का, जमिनीत बॉम्ब आहेत म्हणून?"

"सगळ्यांना माहीत असतं. पण जाळल्याशिवाय तिथे पेरता येत नाही. पाय गेला त्या बाईनं दवाखान्यात मला पहिली गोष्ट काय विचारली माहिती आहे? या वर्षी त्या उतारावर भात लावता येईल का."

थंडीपर्यंत कृत्रिम डोळा बसला, चाल सुधारली, आणि त्यानं गावोगाव फिरायचं ते काम घ्यायचं ठरवलं. तिकीट काढलं. बॅग भरली. आणि तेवढ्यात अमेरिकेत सरकार बदललं आणि परदेशी जाणारा पैसा एका फटक्यात अडवला गेला. त्याच्या संस्थेचं काम ठप्प झालं. मशीनं गोदामात गेली, अर्ध्या तपासलेल्या शेतांत दोऱ्या तशाच बांधलेल्या राहिल्या. तिकीट रद्द करावं लागलं.

मला वाटलं, बाबांना आत कुठेतरी बरं वाटेल. मुलगा घरात राहिला, आणि अमेरिकेच्या पैशाबद्दलचं त्यांचं म्हणणंही खरं ठरलं. पण मी त्यांना इतकं संतापलेलं गिरणी बंद झाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होते, "टाकताना नाही थांबले! नऊ वर्षं नाही थांबले! आणि उचलताना थांबता?" भाऊ त्यांना खाली बसवायला गेला तर त्याच्यावरही ओरडले, "तू गप्प कसा बसतोस? तिकडे पेरणीचे दिवस येतायत!"

ते दोन-तीन महिने वाईट गेले. भाऊ सारखा फोनवर असायचा. तिकडे बिनपगारी बसलेली माणसं त्याला विचारायची, पुढे काय? एकदा बातमी आली, काम थांबलेल्याच एका पट्ट्यात पुन्हा स्फोट झाला. ती ऐकून तो गच्चीवर गेला आणि बाबा त्याच्यामागे, गुडघे धरत, जिना चढून गेले. वर काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

मग पैसा पुन्हा सुरू झाला, पूर्वीइतका नाही, पण सुरू झाला. तो गेला. विमानतळावर बाबांनी त्याचा डावा खांदा धरून त्याला गर्दीतून काचेच्या दारापर्यंत नेलं, जिथून आम्हाला आत जायची परवानगी नव्हती. "पहुँच के फोन कर," बाबा म्हणाले. तो हो म्हणाला.

आता तो मोटरसायकलवर मागे बसून गावं फिरतो. मोटरसायकल ती लाओ बाई चालवते, कारण एका डोळ्यानं त्या रस्त्यांवर तिनं त्याला चालवू दिली नसती. सुरुवातीचे कितीतरी दिवस ती कामापुरतंच बोलत होती. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, नदीकाठी गाडी थांबवून तिनं विचारलं, डोळा अजून दुखतो का.

मी बाबांना सांगितलं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मग हा काय म्हणाला?"

"म्हणाला, थंडीत दुखतो."

"आणि ती?"

"तिनं गाडी सुरू केली."